उलटी जोडलेली वायर

"अहो बाबा, हे नीट नाही झालं. पुन्हा तोच नाकातला आवाज येतोय," मुलगी म्हणाली. तिच्या मांडीवर तिच्या आईची बेस गिटार होती आणि तारांखाली मी नुकतेच बसवलेले नवे पिकअप चकाकत होते. तारांची थरथर पकडून पुढे अँप्लिफायरला पोचवणं हे त्यांचं काम. जुने फार गुरगुरायला लागले होते, आणि शनिवारी मुलीचा पहिला कार्यक्रम होता.

"मुद्दामच तसं जोडलंय," मी म्हटलं.

अँप्लिफायर दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. गावभरची कामं वेळेत द्यायचो. बायको मात्र या गिटारला पिकअप बसवून द्या म्हणून वर्षभर मागे लागली, आणि मी 'उद्या बघू' म्हणत तिला टोलवत राहिलो. शेवटी तिने वायरी डाखायची माझीच सोल्डरगन उचलली आणि दोन पिकअप स्वतः बसवले. त्यातल्या एकाच्या वायरी उलट्या जोडल्या. मग काय, दोघे एकमेकांचा आवाज खाऊ लागले! भरदार सूर गेला, बारीक किरकिर उरली.

"सर्दी झालीय तुझ्या गिटारला," मी चिडवायचो.

"असू दे. माझी आहे ना," ती म्हणायची.

बावीस वर्षं तिने तशीच वाजवली. मार्चमध्ये ती गेली. आता तिचा म्हणून एवढा एक आवाज राहिला होता, तो माझ्या हातून पुसला जायला नको होता. म्हणून नव्या पिकअपपैकी एकाच्या वायरीही मी तिच्यासारख्याच उलट्या जोडल्या.

हे सगळं मी मुलीला सांगितलं.

"बाबा, आईला हा आवाज अजिबात आवडायचा नाही," ती हळूच म्हणाली. "दर कार्यक्रमाआधी म्हणायची, यांना जरा सवड मिळू दे, मग नीट करून घेईन."

मी गिटार ओढून घेतली, झाकण उघडलं, दोन वायरींची अदलाबदल केली आणि सोल्डर गार होईपर्यंत फुंकर घालत बसलो.

मुलीने जाड तार छेडली. आवाज असा भरून आला की टेबलावरचे स्क्रू थरथरले. तिला हसू आलं आणि लगेच रडूही.

मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.