मीठ कुटणारा दस्ता

मी दस्ता बोलतोय. पिस्तुलाचा, आणि तोही सुटा. माझ्या पितळी खिट्टीत पिस्तूल अडकवून मला खांद्याला टेकवलं, की त्या हातभर हत्याराची बंदूक होते. खिट्टी काढली की मी नुसता लाकडाचा ठोकळा. पण मला ठोकळा म्हणणाऱ्याची मी एकदा चांगली जिरवली आहे.

मी अक्रोडाचा. माझा मालक कादीर, त्याच्या पणजोबांनी मला करवून घेतलं. पिस्तूल ठासणीचं, एका वेळी एकच गोळी. कादीरच्या हाती येईपर्यंत आम्ही दोघं इतके जुने झालो, की कुरणावरचे लोक आम्हाला हसायचे. कादीर मात्र आम्हाला जोडून मेंढरांमागचे लांडगे हाकलायचा. बायकोला, बुरुललाही त्यानं शिकवलं होतं. "श्वास सोड, मग बोट दाब," म्हणायचा.

कादीर घोड्यावरून पडून वारला. वाटणीच्या वेळी त्याच्या धाकट्या भावानं, सातारनं, पिस्तूल कमरेला खोवलं आणि मला बुरुलच्या पुढ्यात भिरकावलं.

"हे घ्या वहिनी, मीठ कुटायला. खांद्याला टेकू लावून नेम धरायला मी काय म्हातारा झालोय?"

आमच्याकडचे पुरुष असेच. भरधाव घोड्यावरून एका हातानं बार काढेल तोच मर्द.

वर्षभर मी मीठ कुटलं. राग असा यायचा, की खडे पिठासारखे व्हायचे. बुरुल मात्र रोज जेवणं झाली की माझी खिट्टी मेंढीच्या चरबीनं पुसून ठेवायची.

वर्षश्राद्ध जवळ आलं. ते झालं की विधवेनं दिराच्या तंबूत जायचं, ही रीत. बुरुल म्हणाली, "मी नाही जाणार. मुलीला घेऊन माहेरी जाईन." भाऊबंद खवळले. शेवटी कुळातल्या वडीलधाऱ्या बेकतुरबाबांनी तोडगा काढला. श्राद्धाच्या दिवशी उंच खांबावर दोरीनं चांदीची लगड टांगतात आणि नेमबाज ती दोरी तोडतात.

"दोघांनी एकेक बार काढा," बाबा म्हणाले. "दोरी तोडेल त्याचा शब्द. कुणाचीच तुटली नाही, तर रीत ती रीत."

सातार हसला. "पण पिस्तूल आमच्या घरचंच हं, वहिनी. दुसरी बंदूक चालायची नाही."

"तेच हवंय मला, भावोजी."

त्या दिवशी सातार घोडा उधळत आला आणि बार काढला. जुन्या पिस्तुलाला उसळी फार. गोळी आभाळात गेली.

"वारा आडवा आला," तो म्हणाला. वारा कसला, लगड जागची हलत नव्हती.

बुरुलनं पिस्तूल घेतलं, दारू-गोळी ठासली आणि झग्याखालून मला काढलं. खट्. खिट्टी बसली. वर्षानं आम्ही दोघं भेटलो.

"हे कुठे ठरलं होतं?" सातार ओरडला. "मुसळ घेऊन आलीय ही."

"पिस्तूल तुझंच ना?" बेकतुरबाबा म्हणाले. "आणि मुसळही तूच दिलंस. आता गप उभा राहा."

बुरुल घोडीवर बसली आणि खांबासमोर येऊन थांबली. मला खांद्याला घट्ट आवळलं. तिचा गाल माझ्यावर टेकला होता, ओला होता. मी मनात म्हटलं, बाई, तू फक्त श्वास सोड, उसळी मी बघतो. तिनं श्वास सोडला. हिसका सगळा मी झेलला. दोरी तुटली आणि लगड धुळीत पडली.

बाबांनी चांदी तिच्या मुलीच्या ओंजळीत दिली. बुरुलनं खिट्टी काढली आणि पिस्तूल सातारपुढे धरलं.

"हे तुमचं, भावोजी. मीठ कुटायचं तेवढं मी नेते."

आज मी तिच्या माहेरच्या कुरणावर आहे. मीठ अजूनही कुटतो. पिस्तूल पुन्हा दिसलं नाही. येणारे-जाणारे मला 'अर्धवट' म्हणतात, म्हणू देत. माझी खिट्टी अजून रोज पुसली जाते, आणि आता ती पुसते बुरुलची लेक.

तुम्हाला एकच सांगणं आहे. वाटणीत बाईच्या पदरात काही टाकणार असाल, तर आधी नीट बघून टाका.