ताईच्या थांबण्याबद्दल लोक काय म्हणाले

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो. मोठ्या सभागृहात तीन पायांवर ऐटीत पसरलेले असतात, त्यांच्यातला मी नव्हे. मी भिंतीला पाठ लावून उभा राहणारा, कपाटासारखा दिसणारा. घरात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाने कपबशा सापडतील म्हणून माझं झाकण उघडावं, असं माझं रूप. हसा खुशाल. पुढे मी जे सांगणार आहे ते फारसं हसण्याजोगं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. कुणी माझी चौकट जोडली, कुणी तारा ताणल्या, आणि एका ठेंगण्या कारागिराने माझ्या हातोड्यांना एकेक करून नमदा चढवला. नमदा म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर. पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारेवर पडते. नमदा नसता तर माझा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा झाला असता. तो कारागीर काम करताना सारखा गुणगुणत असे आणि त्याचा सूर काही केल्या लागत नसे. तरी जगातलं पहिलं गाणं मी त्याच्याकडूनच ऐकलं.

तिथून मी एका नृत्यशाळेत गेलो. तिन्ही भिंतींना आरसे होते आणि जमीन लाकडी. बाई टाळ्या वाजवत ठेका धरायच्या, मुली उड्या मारायच्या आणि कोपऱ्यात मी. मला वाजवायला एक तरुण मुलगी होती. सडपातळ, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. सगळे तिला ताई म्हणत, मीही म्हणतो. बाई मुलींना बजावायच्या, "गोंधळलात तर ताईकडे कान द्या. ती हलायची नाही." आणि खरंच, ताईचा ठेका कधी हलला नाही. एकदा वरचा दिवा निखळून खाली पडला, मुली किंचाळल्या, तरी ताईने ओळ पुरी केली आणि मगच मान वळवली.

पुढे नृत्यशाळा बंद पडली. आरसे उतरवले गेले, तिथे टायरांचं दुकान आलं. मला भंगारात काढणार होते, पण ताईने मला घरी नेलं. हमालांनी वाटेत मला इतक्या शिव्या घातल्या की त्यातल्या काही मला आजवर कळलेल्या नाहीत.

घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. आईवडील राहिले नव्हते. ताई आणि तिच्याहून बराच लहान असलेला भाऊ, एवढंच माणूसबळ. त्याला सगळे धाकटाच म्हणत. ताई त्याची आई होती, बाप होती, आणि रागावायची वेळ आली की आजीसुद्धा होती. दुपारभर ती शिकवण्या घ्यायची. धाकटा माझ्या कडेच्या फळीला पाठ टेकून जमिनीवर बसायचा. तिथेच अभ्यास, तिथेच खाणं, तिथेच पेंगणं. माझे खालचे सूर वाजले की ते त्याच्या पाठीच्या कण्यातून चढत. हे मला कळायचं, कारण तो तेवढ्यापुरतं चावणं थांबवायचा.

पण वाजवण्यात त्याचं मन नव्हतं. पट्ट्यांपेक्षा त्याला वायरी प्रिय. मोठा होऊन तो जाहिरातींच्या स्टुडिओत लागला. बोलणाऱ्या माणसांच्या आवाजातून खोकला, श्वास, ओठांची मचमच, सगळं काढून आवाज धुवून स्वच्छ करायचा, हे त्याचं काम. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. जवळच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याने स्वतःचं बिऱ्हाड केलं.

एका दुपारी तो दोन मायक्रोफोन घेऊन आला.

"ताई, मला अल्बम करायचाय. इलेक्ट्रॉनिक, पण संथ. मध्ये तुझा पियानो. तू वाजव, बाकीचं मी बघतो."

"काय वाजवू?"

"सुचेल ते. फक्त सावकाश."

"सावकाश म्हणजे किती रे?"

"भाजी निवडतेस ना, तितकं."

ताई हसली. धाकट्याने माझं पोट उघडलं आणि हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची एक लांब पट्टी बसवली. माझा आवाज एकदम मऊ झाला, कुणी कानाशी बोलावं तसा. मला माझीच नव्याने ओळख झाली.

आणि त्याच दुपारी मला दुसरी गोष्ट कळली. ताईचा उजवा हात थरथरत होता. शिकवण्या तिने आदल्या वर्षीच कमी केल्या होत्या, डोळे दुखतात असं सांगून. आता ती दोन सूर वाजवायची, मग उजवा हात मांडीवर घ्यायची, डाव्याने तो दाबून धरायची, आणि कंप शमला की पुढचा सूर. कधी थोडं थांबावं लागे, कधी फार. धाकटा कानांवर हेडफोन चढवून, डोळे मिटून, तिच्याकडे पाठ करून बसलेला.

"वा, ताई! काय जागा सोडलीस!"

ताईने पुढचा सूर वाजवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्याकडे काहीतरी हट्टाने मागितलं होतं. हाताचं सांगितलं असतं तर तो सगळं आवरून तिला डॉक्टरकडे घेऊन धावला असता. तिला ती दुपार हवी होती. मग पुढच्याही.

हिवाळाभर तो येत राहिला. नंतर आपल्या घरी बसून त्याने त्या सुरांखाली यंत्राचे संथ ठोके घातले, शेजारच्या खोलीत कुणी येरझाऱ्या घालतंय असे. मागे एक गुंजन ठेवलं. एका संगीत कंपनीने अल्बम आपल्या संकेतस्थळावर लावला. लोकांनी ऐकायचं आणि खाली आपलं मत लिहायचं, अशी तिथली रीत.

धाकटा लॅपटॉप मांडीवर घेऊन माझ्या स्टुलावर बसायचा आणि मतं मोठ्याने वाचून दाखवायचा. धुलाईच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं, 'पाचवा तुकडा ऐकताना इस्त्री तशीच धरून उभी राहिले. चादर जळाली. तक्रार नाही.' एका बसचालकाने लिहिलं होतं, 'पियानो मध्येच थांबतो तेव्हा मीसुद्धा श्वास धरतो. गाडी सुरू करायच्या आधी रोज ऐकतो.' कुणी म्हणे, 'यंत्राची टकटक काढा, नुसता पियानो ठेवा.' त्यावर धाकट्याचं तोंड उतरलं. कुणी म्हणे, 'झोपेसाठी उत्तम. शेवटपर्यंत अजून एकदाही पोचलो नाही.'

"माझ्या शिकवणीतही निम्मे झोपायचेच," ताई म्हणाली आणि दोघंही पोट धरून हसली. ती संध्याकाळ मला फार जपून ठेवावीशी वाटते.

मग एका जाणकाराचं मत आलं. त्याने एकेक तुकडा घेऊन चिरफाड केली होती. 'ठोका नेमका आहे, पियानो मात्र मागे रेंगाळतो. दुसऱ्या तुकड्यात वरच्या सुराकडे जाताना दर खेपेला अडखळतो. चौथ्यात सुरुवातीलाच थांबतो, शेवटी तर वाजवणारा उठून गेला की काय असं वाटतं. सराव हवा.' त्याच्याखाली दुसऱ्याने मान डोलावली, मग तिसऱ्याने. आधी ज्यांना ती शांतता आवडली होती, त्यातलेही काही म्हणू लागले की हो, खटकतं खरं. कंपनीने धाकट्याला कळवलं की नीट केलेली आवृत्ती दिलीत तर बरं होईल.

मित्रांनो, धाकटा वाईट नव्हता. ताईला कुणी कच्ची म्हणावं हे त्याला सोसलं नाही. तिच्या नावाला लागलेला डाग पुसायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि पुसणं हाच तर त्याचा धंदा. त्याने घरी बसून प्रत्येक थांबा कापला, प्रत्येक सूर उचलून ठोक्यावर नेऊन ठेवला. काम संपल्यावर लॅपटॉपवर जागा करायला मूळ ध्वनिमुद्रणं काढून टाकली. मग मोठ्या हौसेने स्पीकर घेऊन ऐकवायला आला.

माझाच आवाज मी ऐकला. एकही सूर इकडचा तिकडे नव्हता. नृत्यशाळेतली ताई वाजवत होती.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"नेमकं झालंय."

"आवडलं ना?"

"नेमकं झालंय म्हटलं ना रे," ताई म्हणाली आणि तिने माझं झाकण लावलं.

लोकांनी नव्या आवृत्तीची वाहवा केली. जाणकाराने लिहिलं, 'आता कसं!' धाकटा दुसऱ्या अल्बमसाठी पुन्हा मायक्रोफोन घेऊन आला. ताई म्हणाली, आता नाही. तो पुन्हा आला, ती पुन्हा नाही म्हणाली. शेवटी तो चिडला.

"कुणीतरी चार ओळी लिहिल्या म्हणून रुसलीस? मी सगळं नीट करून दिलं ना? आता कोण बोलतंय तुला?"

"रुसले नाही. चहा घे."

ती आतून चहा घेऊन आली. बशीत कप खडखडत होता. धाकट्याने ऐकलं. आवाज ऐकण्यात त्याचा कान तयार होता. त्याने वर बघितलं. चहा बशीत सांडत होता, बशीतून तिच्या मनगटावर, आणि ती त्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत होती.

त्याने कप घेतला, खाली ठेवला.

"कधीपासून?"

"तू मायक्रोफोन आणलेस त्याच्या आधीपासून."

"म्हणजे त्या जागा..."

"जागाबिगा काही नव्हत्या रे. हात थांबेपर्यंत मी थांबत होते."

धाकट्याने कपाळ माझ्या झाकणावर टेकलं. त्याचं रडणं माझ्या तारांपर्यंत पोचलं. हलकेच, सगळ्या एकदम घुमल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्याने जुनी आवृत्ती शोधायचा सपाटा लावला. कंपनी म्हणाली, नवी चढवताना जुनी निघून गेली. त्याने ऐकणाऱ्यांना साद घातली की कुणाकडे असेल तर पाठवा. उत्तरं पुष्कळ आली. सगळ्यांनी ऐकलं होतं, कुणी ठेवलं नव्हतं. 'आता मी ऐकत नाही, श्वास धरायला जागाच उरली नाही,' असं बसचालकाने कळवलं.

मग ताईच्या थांबण्याची खूण कुठे उरली होती? त्या मतांमध्ये. धाकटा पुन्हा स्टुलावर बसला आणि एकेक मत उघडू लागला. कुणाला कुठे भरून आलं होतं, कुणाचा कुठे विरस झाला होता. सगळ्यात तपशीलवार होतं ते जाणकाराचं. त्याला नेमकं जिथे जिथे खटकलं होतं, तिथे तिथे धाकट्याने पुन्हा शांतता घातली. आठवडेच्या आठवडे तो ते करत बसला. एके दुपारी त्याने ते ताईला ऐकवलं. ती डोळे मिटून बसली होती, एक हात दुसऱ्यात धरून.

"हे मी नाही रे," शेवटी ती म्हणाली. "मी थांबले की मला भीती वाटायची. पुढचा सूर येईल की नाही याची. ती यात नाहीये."

"मग काय करू मी?"

"काही नको करूस. तू शोधलंस ना, पुरे."

त्यानंतर तिचा हात झपाट्याने गेला. डॉक्टर म्हणाले, एकटीने राहणं नको. धाकट्याने तिला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. तिसरा मजला, अरुंद जिना. माझं मोजमाप न घेताच सगळ्यांना कळलं की मी वर जाणार नाही.

निघायच्या दिवशी ताई माझ्यापुढे बसली. तिने उजवा हात पट्टीवर ठेवला. तिला एकच सूर वाजवायचा होता, पण हात थरथरत होता आणि तोच सूर पुन्हा पुन्हा पडत राहिला. धाकटा शेजारी उभा होता. त्याने काही ध्वनिमुद्रित केलं नाही, 'वा!' म्हटलं नाही. तो नुसता वाट बघत राहिला, कंप शमण्याची. दारात टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. कंप शमला नाही. अखेर त्याने तिचा हात उचलला, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिला बाहेर नेलं.

आता या घरात भाडेकरू राहतात. माणसं भली आहेत. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत असते, शेजारी कुंडी असते, कुंडीतलं पाणी झिरपून माझ्या खालच्या सुरांचं लाकूड फुगलं आहे. त्यातले बरेचसे सूर आता वाजायचे नाहीत.

मित्रांनो, मला पुसा, माझ्या तारा लावून घ्या, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणी जिना चढताना थांबलं, बोलता बोलता थांबलं, कप उचलताना थांबलं, तर ते छान दिसतं की वाईट दिसतं हे इतक्यात ठरवू नका. हातातलं काम ठेवा, जवळ जा, त्या हाताकडे बघा आणि विचारा की काय होतंय.

परवा धाकटा खिडकीचं तुटलेलं तावदान बसवायला आला होता. भाडेकरूंच्या सुनेने ताईची चौकशी केली. तो म्हणाला, "आता तिला बोलायलाही त्रास होतो. काही विचारलं की उत्तर यायला खूप वेळ लागतो."

"मग तुम्ही काय करता?"

"काही नाही," तो म्हणाला. "थांबतो."