अण्णा घरी नाहीत

मुलीच्या प्रेमापुढे ज्या दिवशी बापाची जात नमते, तो दिवस समाजाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवावा. खराडीच्या पलीकडे, कालपरवापर्यंत ग्रामपंचायत असलेल्या आणि आता महापालिकेच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या एका गावात असा दिवस गेल्या माघातल्या रविवारी उगवला. सकाळी साडेआठला, पोह्यांबरोबर.

"आमचं काय म्हननं न्हाई," महिपतअण्णा पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. "पोरगा यवतमाळचा हाय, आसू दे. आपल्यातला न्हाई, नसू दे. जग कुठं चाललंय! तू सुखात, तर आम्ही सुखात."

अपेक्षाचा चमचा बशीतच राहिला. आठ महिने याच टेबलाशी हाच माणूस "तुझं तोंड बघनार न्हाई" म्हणत होता, आणि जेवायला समोरासमोर बसत असल्यामुळे रोज दोनदा बघतही होता. यवतमाळचा तो पोरगा, विश्वजीत, तिच्याच ऑफिसात होता. आता कंपनी त्याला हॉलंडला पाठवत होती, अपेक्षालाही तिथेच नोकरी मिळाली होती, आणि मे महिना संपायच्या आत लग्न व्हायला हवं होतं. तिच्या आईने, दुर्गाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. धाकटा भाऊ साई मोबाइलमधून मान वर करून हसला. एरवी तो चार्जर शोधायचा असला तरच वर बघतो.

"फक्त," अण्णा म्हणाले.

सुवर्णाक्षरांची शाई अजून ओली होती.

"फक्त जायच्या आधी एक सही करून टाक. हक्कसोड. बिल्डर म्हंतो, घरातल्या समद्या लेकींच्या सह्या पायजेत. तुझी आन् तुझ्या आत्याची, तुळजाची."

हक्कसोड म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा लेकीने भावासाठी सोडल्याचा कागद. त्या गावात रुखवत जसं असतंच, तसा हाही असतोच. मुलींना वाटा कायद्याने दिला. तो परत मिळवण्यासाठी भावांनी साडी दिली. कायदा दिल्लीहून निघतो, साडी लक्ष्मी रोडवरून, त्यामुळे साडी आधी पोचते. ती घेऊन जी सही करते तिचं माहेर टिकतं. जी करत नाही, तिचं काय होतं हे बघायला लांब जावं लागत नाही. कसब्यापर्यंत गेलं तरी पुरतं.

"ताई, नुसती प्रोसेस आहे गं," साई म्हणाला. "अर्ध्या तासात सॉर्ट."

"आणि आत्या करेल?"

"म्हनून तर तुला सांगतोय," अण्णा म्हणाले. "माझं काय ऐकायची न्हाई ती. तुझं ऐकंल. म्हनावं, माझं लगीन अडलंय."

दुर्गाबाई उठल्या आणि पोह्यांचा डबा फळीवर ठेवून आल्या. स्टीलच्या त्या डब्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं: सौ. तुळजाबाई संपतराव. पंधरा वर्षं त्यात पोहे राहत होते आणि पंधरा वर्षं ते नाव कुणी वाचलं नव्हतं. अपेक्षाने त्या दिवशी वाचलं, आणि लगेच लिंबाच्या बिया वेचायला लागली.

त्याचं कारण असं. ती अकरा वर्षांची असताना भाऊबीजेला आत्या आली होती. एका हातात ओवाळण्याचं तबक, दुसऱ्या हातात तो डबा. अण्णा आतल्या खोलीत होते. "सांग जा, अण्णा घरी न्हाईत," ते म्हणाले. अपेक्षा दारात गेली आणि म्हणाली, "अण्णा घरी नाहीत." शाळेत कविता म्हणतात तसं, हात मागे बांधून. आत्याने उंबऱ्याजवळच्या कोल्हापुरी चपलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"बरं," आत्या म्हणाली. "आले की सांग, तुळजा येऊन गेली. ह्यात करंज्या आहेत." डबा तिच्या हातात देऊन ती बसस्टॉपकडे गेली. करंज्या चांगल्या होत्या. अण्णांनी चार खाल्ल्या.

सोमवारी चहाच्या टपरीवर अपेक्षाने विश्वजीतला सगळं सांगितलं, चपलांचं सोडून.

"मले त जमीन बी नाही पाहिजे न साडी बी नाही," तो म्हणाला. "तुह्या बाबाचा हो पाहिजे होता, हे मात्र खरं हाय. तुले पाहिजे होता म्हणून."

"मग करू सही?"

"ते तू ठरव. मी त तुले सोडत नाही, कागद असो का नसो."

प्रेमाचं हे एक वाईट असतं, ते निर्णय आपल्यावर सोडतं. बाकी सगळे निर्णय घेऊनच आलेले होते. आणि अपेक्षाला खरंच सगळं हवं होतं: मांडव हवा होता, अण्णांनी टाकलेल्या अक्षता हव्या होत्या, आणि हॉलंडच्या थंडीत आईला फोन केला की आईने शेजारच्या खोलीत जाऊन दबक्या आवाजात बोलायला लागू नये, हे तर फारच हवं होतं. त्यासाठी एक सही. तीही अशा जमिनीवर, जिथे ती गेल्या दहा वर्षांत गेली नव्हती. तिने स्वतःला हे इतकं नीट पटवलं की बुधवारी ती पेढ्यांचा पुडा आणि अण्णांनी दिलेली सेमी पैठणी घेऊन कसब्यात पोचलीसुद्धा.

तुळजाबाईंचं पूजेच्या सामानाचं दुकान एवढं अरुंद आहे की गिऱ्हाईक आत आलं तर मालकाने बाहेर यावं. संपतराव गेल्यापासून त्या एकट्याच ते सांभाळतात. पस्तीस वर्षं कसब्यात काढल्यामुळे त्यांच्या बोलण्यातला 'हाय' गेला आहे आणि त्या जागी धार आली आहे. त्या कापसाच्या फुलवाती वळत बसल्या होत्या. त्यांनी अपेक्षाला एका नजरेत ओळखलं, दुसऱ्या नजरेत पिशवी ओळखली.

"साडी कशाला?" त्या म्हणाल्या. "कुणाला सही हवीय?"

अपेक्षाने सोमवारपासून घोकलेलं सगळं भाषण तिथेच संपलं.

"आत्या, माझं लग्न ठरतंय."

"पेढ्यांवरून कळलं. मुलगा आपल्यातला नाही."

"कसं कळलं?"

"आपल्यातला असता तर पत्रिका घेऊन तुझा बाप आला असता. निदान गाडीत बसून राहिला असता कोपऱ्यावर." त्यांनी एक वात पुरी केली. "आणि मी सही केली तर तो लग्नाला हो म्हणणार. असंच ना?"

अपेक्षाने मान हलवली. तिचे कान तापले.

"मग कधी यायचं सांग. शुक्रवारी दुकानात गर्दी असते, तेवढा सोडून."

तिला वाटलं होतं आत्या चिडेल, रडेल, निदान "विचार करते" म्हणेल. ती सरळ हो म्हणाली, आणि अपेक्षाला कुणी गालावर मारावं तसं झालं.

"मग इतकी वर्षं का नाही केलीस?"

"मला जमीन नको होती गं. मागितली असती तर देऊन टाकली असती, भाऊच तो. तू दहा वर्षांची असशील, त्या वर्षी भाऊबीजेला मी ओवाळलं. त्याने तबकात हात नेला. मला वाटलं, पाकीट ठेवतोय. त्याने कागद ठेवला. वर पेन. म्हणाला, दिवा विझायच्या आत करून टाक, मुहूर्त आहे." त्या थोड्या हसल्या. "मी म्हटलं, ओवाळणी कोण कुणाला घालतंय ते आधी ठरव. तेवढंच बोलले. पुढच्या वर्षी पुन्हा गेले, म्हटलं, राग गेला असेल."

पुढच्या वर्षीचं अपेक्षाला माहीत होतं.

"आणि आता भाऊबीजेला?"

"गच्चीवर जाते. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, अशी रीतच आहे आपल्यात. बरा आहे तो. ढगाआड गेला तर जातो, पण घरी नाही म्हणून निरोप पाठवत नाही."

अपेक्षा स्टुलावरून उठली, पुन्हा बसली. "आत्या, त्या दिवशी अण्णा—"

"माहीत आहे. चपला होत्या."

"मग तू मला काहीच का नाही बोललीस?"

"सणाच्या दिवशी अकरा वर्षांच्या पोरीला खोटं पाडू?" तुळजाबाईंनी वातींची जुडी बांधली. "पेढे ठेव. साडी घेऊन जा. सहीच्या दिवशी नेसायला मला माझी आहे."

गावापासून कसबा चौदा किलोमीटर. परतीच्या बसमध्ये अपेक्षाने मोबाइलवर हॉलंडचं अंतर पाहिलं आणि मोबाइल बंद केला. हॉलंडहून माणसं दिवाळीला येतात.

मंगळवारी सगळे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जमले. भावंडांचं प्रेम ज्यांना बघायचं असेल त्यांनी भाऊबीजेची वाट बघू नये. अशा कार्यालयात कामाच्या दिवशी अकरा वाजता जावं. बाकावर ओळीने बहिणी बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर नव्या साडीची पिशवी. प्रत्येकीचा भाऊ अदबीने विचारतोय, ताई उसाचा रस घेतेस का, ताई पंख्याखाली बस.

"काय लिवलंय रं ह्यात?" शेजारची एक म्हातारी आपल्या भावाला विचारत होती. लोक तिला वेणूबाई म्हणत होते.

"लिवायचं ते लिवलंय आक्का. तू अंगठा कर."

अण्णा सोळा वर्षांनी बहिणीसमोर उभे होते. "बरी हायेस ना?" ते म्हणाले.

"आहे," तुळजाबाई म्हणाल्या. "घरी असते मी."

अण्णांनी चपलेकडे पाहिलं. अण्णांनी आणलेल्या वकिलांनी घाईने अपेक्षाच्या हातात कागद दिला. तिने तो वाचायला सुरुवात केल्यावर वकिलांना जरा धक्का बसला. त्यांच्या कारकिर्दीत कागद वाचणारी लेक क्वचितच आली होती.

"'माझे लग्न वडिलांनी थाटामाटात लावून दिले असून,'" अपेक्षा वाचत होती, "'माझ्या यजमानांची परिस्थिती उत्तम आहे, मला दोन अपत्ये आहेत...' साहेब, माझं लग्न मे महिन्यात आहे."

"तो मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो मॅडम. फक्त नाव बदलतो."

"'...सबब मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय...' हेही सगळ्यांचं सारखंच?"

"तेच तर मुख्य आहे," वकील म्हणाले. त्यांचं म्हणणं प्रामाणिक होतं.

तेवढ्यात नाव पुकारलं. वडीलधारी म्हणून तुळजाबाई पहिल्या. संगणकापुढच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मजकूर मान्य आहे?" तुळजाबाई "मान्य" म्हणाल्या. त्यांनी अंगठा पदराला पुसला आणि मशीनकडे नेला. तो वातींच्या कापसाने खरखरीत झालेला अंगठा अपेक्षाला दिसला. आपल्या लग्नाच्या अक्षता याच अंगठ्यातून पडणार होत्या, हेही दिसलं.

"आत्या, थांब." तिने हात धरला. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "अण्णा घरी होते."

सगळे पाहायला लागले.

"त्या भाऊबीजेला. अण्णा घरी होते. आत पलंगावर बसले होते. मी खोटं सांगितलं."

"कोण अण्णा?" संगणकापुढचा माणूस म्हणाला. "पक्षकार आहेत का? आधार कार्ड आणलंय?"

"आत्या सही करणार नाही. मीही नाही. आत्याला इथं मी आणलं, माझ्या लग्नासाठी. तेही चुकलं माझं."

"अपेक्षा," अण्णा दातांतल्या दातांत म्हणाले, "लगीन इसर मग."

"लग्नाला तुमची सही लागत नाही अण्णा. तुम्ही यावं, एवढंच हवं होतं."

अण्णांचा चेहरा क्षणभर बापासारखा झाला. मग त्यांना बाकावरचे सगळे भाऊ आपल्याकडे बघताना दिसले. त्यातले तिघे त्यांच्याच भावकीतले. "आजपास्नं तुला म्हायार न्हाई," ते म्हणाले, आणि निघाले. साई मागे. वकील त्यांच्या मागे. बाकावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वेणूबाईंनी फक्त भावाच्या हातातला कागद काढून घेतला आणि उलटा धरून बराच वेळ पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं. भावाने रस आणायला धाव घेतली.

बाहेर फुटपाथवर आल्यावर अपेक्षाला शूर वाटायला हवं होतं. तिला शरम वाटत होती. जी गोष्ट अकराव्या वर्षी तोंडातून निघायला हवी होती ती सव्विसाव्या वर्षी निघाली, आणि तीही परदेशातली नोकरी हातात असताना. आपण उडून जाऊ; आई त्या घरात उद्याही पोहे करेल आणि अण्णांचं ऐकून घेईल. आठ दिवस आपण तो कागद मनातल्या मनात दहा वेळा सही करून ठेवला होता, हे तर कुणालाच कळणार नव्हतं.

"मी आधीच बोलायला हवं होतं," ती म्हणाली. "पंधरा वर्षं, आत्या. तुझं माहेर मी माझ्या तोंडाने बंद केलं. आता जे म्हणशील ते करते. कोर्टात जाऊ. वकील मी बघते. तुझा हक्क तुला मिळालाच पाहिजे. काय हवं ते सांग."

तुळजाबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग रस्त्यावरच्या रिक्षाला हात केला. रिक्षा थांबली नाही.

"कोर्टाचं बघू," त्या म्हणाल्या. "तू घरी कपडे आणायला जाशील ना?"

"जाईन."

"मग तेवढा माझा करंज्यांचा डबा घेऊन ये. नाव आहे त्यावर. आणि झाकण बघून आण, तसं घट्ट बसणारं परत मिळालं नाही."