आमची की आपली?

दहिवलीच्या सोनुबाईंचे पाय त्या रविवारी सकाळी जमिनीवर ठरत नव्हते. ठरणार कसे? लॅटिन गेलं होतं, मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, मराठीत आली होती, आणि कर्जतच्या एवढ्याशा चर्चमध्ये बाईंनी मराठीतून प्रार्थना शिकवलेली पहिलीच सहा पोरं आज फादर मिंगेलपुढे उभी राहणार होती. पुढच्या रविवारी त्यांना पहिल्यांदा पवित्र भाकरीचा ख्रिस्तप्रसाद मिळायचा होता. पण फादरनी आधीच बजावलं होतं, "एकाचाही शब्द चुकला, तर सगळ्यांचंच पुढच्या वर्षी."

सोनुबाईंनी स्वतः लहानपणी सगळं लॅटिनमध्ये घोकलं होतं. अर्थाच्या नावानं बोंब! देवाशी बोलतोय की पाढे म्हणतोय, तेच कळायचं नाही. ह्या पोरांना मात्र सगळं कळत होतं, आणि बाईंना त्याचा कोण आनंद!

पाच पोरं धडाधड म्हणून मोकळी झाली. मग आली सात वर्षांची मैना. अंगानं मूठभर, पण आवाज असा की स्टेशनात ऐकू जावा. सुरुवात झकास केली बयेनं, आणि मध्येच ठणकावून म्हणाली, "आपली रोजची भाकर आज आपल्याला दे!"

फादरनी चष्मा काढला.

"आपली नाय गं, आमची!" बाई कुजबुजल्या.

"आमची कशी, बाई?" मैना कुजबुजायच्या भानगडीत पडलीच नाही. "काल मी शेजारच्या पोशाला बोलली, ही आमची भाकर हाय. तर त्यो रुसून घरी गेला. देव पण रुसला म्हंजे?"

"पण पोरी," फादर म्हणाले, "आपली म्हटलंस की देवही तुझ्या पंगतीला बसला की गं!"

"मग बसू दे की! त्याचीच भाकर हाय ना?"

सोनुबाईंना वाटलं, गेलं, सहाही पोरांचं वर्ष गेलं! आणि एकदम त्यांचं भानच सुटलं. जन्मात कधी फादरपुढे तोंड उघडलं नव्हतं, त्या उभ्याच राहिल्या.

"फादर, शब्द चुकला, कबूल. पण मी तीस वर्षं बिनचूक म्हणत आलेय, आणि त्याला जेवायला एकदाबी बोलावलं नाय. मला कुणी थांबवलं नाय, मग हिला का थांबवता?"

फादरनी चष्मा पुसला, चढवला, परत काढला.

"पुढचा रविवार कशाला, बाई? आजच्याच मिस्सेत देतो प्रसाद. सगळ्यांना."

"अग्गोबाई, आज? अहो फादर, पोरींचे पांढरे झगे अजून शिवायचेत! बटणं नायत, बाह्या नायत..."

मैनेनं बाईंचा पदर धरून खस्सकन ओढला.

"राहू द्या ना बाई झगे. कवाधरनं थांबलाय त्यो. भूक लागली असंल त्याला!"