न बदललेली खीळ

मित्रांनो, आमच्या मैदानात काय काय होते ते आधी नीट मोजून सांगतो. गोलचौकटी दोन, त्यांतल्या एकीलाच जाळी. हॉकीच्या काठ्या तेवीस, पैकी सात तुटून सुंभाने बांधलेल्या. चेंडू चार. खेळाडू चौदा, प्रशिक्षक एक, कमिटीचे सभासद नऊ. सावलीचे झाड एकही नाही. आणि जुना दगडी रोलर एक, तो मी.

पाथरवटांनी मला काळ्या दगडातून घडवले. माझे वजन सुमारे अर्धा टन. पोटातून लोखंडी आस गेलेला, आसाला लोखंडी चौकट, आणि चौकट निसटू नये म्हणून प्रत्येक बाजूला एकेक खीळ. १९५८ साली कसालच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एका कौलांच्या कारखान्याने हॉकीचा संघ उभा केला, तेव्हा मला बैलगाडीने तिथे आणले. खेळाडूंना कारखान्यात नोकरी होती, पण ती खेळण्यासाठी. खेळ थांबला की नोकरीही थांबणार, हे सर्वांना ठाऊक होते.

जांभ्या दगडाचा तो खडबडीत सडा मी सपाट केला. पाहुणे संघ माझे कौतुक करीत. चेंडू इथे सरळ धावतो म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे.

प्रशिक्षक गंगाराम पूर्वी पलटणीत हवालदार होता. तो कडक होता, उगाच खोटे कशाला सांगू? संघ हरला की दुसऱ्या दिवशी दुपारी खेळाडूंना माझ्या दांडीला जुंपायचा. पश्चिमेच्या उतारावरून मला खाली न्यायचे आणि पुन्हा वर ओढायचे. मैदान सपाट करण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. माझ्यासारख्या कष्टाळू वस्तूचा शिक्षेसाठी वापर होतो, याचा मला संताप येई. पण दगडाचा संताप कोणाला दिसणार?

तरीही संघ जिंकू लागला. बेळगावहून ढाल आली तेव्हा कमिटीचे अध्यक्ष दाजीसाहेब गंगारामच्या पाठीवर थाप मारून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "असोच कडक माणूस होयो." ती दुपारची शिक्षा त्यांना माहीत होती. एकदा छत्री धरून ती पाहायलाही आले होते.

त्याच सुमारास माझी डावी खीळ झिजली. गंगारामने दाजीसाहेबांना नवी खीळ मागितली. गणपती झाल्यावर बघू, असे उत्तर आले. गणपती झाले. त्याने पुन्हा मागितली, तेव्हा दिवाळीनंतर. तिसऱ्यांदा कमिटीने त्यालाच विचारले, की तुमचे लक्ष खेळावर आहे की लोखंडावर? शेवटी त्याने खिळीच्या जागी सुंभ गुंडाळले. आणि इथेच मला त्या माणसाचाही राग येतो. खीळ गेली आहे हे ज्याला सर्वांत चांगले माहीत, त्यानेच पुढच्या पराभवानंतर मला उतारावर नेण्याचा हुकूम सोडला.

त्या दिवशी दांडीला तारकर्लीचा सहदेव होता. संघातला सर्वांत वेगवान खेळाडू. त्याच्या पगारावर घर चाले. अर्ध्या उतारावर सुंभ तुटले, चौकट निसटली, आणि मी घरंगळलो. उतारावर अर्धा टन दगड थांबत नसतो, मित्रांनो. सहदेवचा डावा पाय माझ्याखाली आला.

मालवणला त्याच्या पायाला प्लास्टर घातले. दाजीसाहेबांनी निरोप धाडला की पोरगा पूर्वीसारखा धावला तर त्याची जागा त्याचीच. इकडे कोणीतरी रोलरला भुताची बाधा आहे असे ठरवले आणि कमिटीने माझ्यापुढे नारळ फोडला. नारळ आणायला मात्र गणपती आणि दिवाळी आड आली नाही.

मग चौकशीची सभा भरली, माझ्याच शेजारी. आमच्याकडे कोणतेही काम गाऱ्हाण्याशिवाय, म्हणजे देवापुढे मागणे मांडल्याशिवाय, सुरू होत नाही. गावचे गाऱ्हाणे घालणाऱ्या म्हाताऱ्या नानांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, ह्या पोरांवर काय वायट वाकडा इला असात तर ता दूर कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ह्या संघाक फुडल्या साली यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

दाजीसाहेब नानांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. नानांचा सूर तसाच चालू राहिला.

"झाला ता गंगारामाच्या कडकपणान झाला, कमिटीचो ह्यात काय दोष नाय, ह्या सगळ्यांका मान्य आसा रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सवयीने सगळे म्हणाले. खेळाडू म्हणाले, खुर्चीत पाय लांब करून बसलेला सहदेवही म्हणाला. खुद्द गंगारामच्याही तोंडून ते निघून गेले. त्याच क्षणी चिटणीसाने ठराव एकमताने मंजूर झाल्याचे जाहीर केले.

फक्त सहदेवची बायको आनंदी म्हणाली नव्हती. मासे विकून ती थेट आली होती, पाटी अजून कमरेवर होती.

"खीळ कोणी आणूची होती, ता आधी सांगा," ती म्हणाली.

गाऱ्हाण्यात मध्ये बोलू नये गो बाय, असे नाना समजुतीने म्हणाले. आनंदीने नवऱ्याकडे पाहिले. "आणि तू रे? पाय तुझो मोडलो, आणि होय म्हाराजा तूच म्हणतस?"

दाजीसाहेबांनी सभा संपवली. गंगाराम दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन कणकवलीच्या गाडीत बसला. त्याला निरोप द्यायला कमिटीतले कोणी आले नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, मैदानात, कुठेही असा एखादा रोलर असेल तर त्याची खीळ वेळेवर बदला. कडक माणसाचा न्याय जरूर करा, त्याला मोकळा सोडू नका. पण ज्यांनी त्याला शाबासकी दिली आणि मागितलेली खीळ दिली नाही, त्यांनाही त्याच ओळीत उभे करा. आणि मान हलवण्यापूर्वी वाक्य पुरते ऐका.

माझी डावी खीळ कमिटीने सभेनंतरच्या आठवड्यात बसवली.

पावसाळ्याच्या तोंडाशी सहदेवचे प्लास्टर निघाले. डॉक्टरांनी त्याला आडवे निजवून कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांना फीत लावली. उजवा पाय चौतीस इंच भरला. डावा सव्वातेहतीस.