मोठ्यांच्या खुर्चीतली नळी

"आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं वाढीवकाकांनी छाती पुढे काढून जाहीर केलं.

"मग सांगूच नका," गणिताचे मास्तर म्हणाले.

काका गप्प बसले. म्हणजे तोंडाने गप्प; हात चालूच होते. एका जुन्या सोफ्याच्या पोटात ते काथ्या कोंबत होते. वाढीव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण गोष्ट सांगताना मांजराचा वाघ आणि वाघाची अख्खी सर्कस केल्याशिवाय त्यांना करमत नसे, म्हणून ते नाव पडलं होतं आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं होतं. आज मात्र त्यांना तंबी होती. मीठमसाला नको.

तंबी देणारी मुलगी दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. चष्म्याच्या दुकानात कामाला होती ती. शेजारी तिची आई, मांडीवर पर्स, चेहरा घट्ट. काकांच्या कारखान्यात, कापडांच्या गुंडाळ्या आणि हातमोडक्या खुर्च्यांच्या गर्दीत, ही बैठक मुलीनेच जमवली होती. कारण आई उद्या सकाळी मोठ्यांच्या केंद्रात कायमची राहायला निघाली होती.

मोठे म्हणजे गुरू. नाव घ्यायचं नाही, मोठे म्हणायचं, अशी तिथली रीत. मास्तर, दातांच्या डॉक्टरीणबाई आणि काका असे तिघेही एके काळी त्यांच्यापुढे डोळे मिटून बसायचे. मग एकेक करून बाहेर पडले. आईचं तिथलं जाणं मात्र नातवंडांपायी काही वर्षं थांबलं होतं, एवढंच. आता नातवंडं मोठी झाली होती.

"आई माझं ऐकत नाही," मुलगी सुरुवातीलाच म्हणाली होती. "तुमचं ऐकेल. पण जे स्वतः पाहिलं तेवढंच बोला. एक गोष्ट खोटी निघाली, की बाकीच्या खऱ्याही ती झटकून टाकेल."

त्यावर काकांनीच युक्ती काढली होती. बोलणाऱ्याने गादी उतरवलेल्या खुर्चीवर बसायचं. उघड्या स्प्रिंगांवर कोणी लांबण लावत नाही.

पहिले मास्तर बसले आणि कळवळले. "मी पाहिलेलं सांगतो. माझी दारू त्यांनी सोडवली. हे आधी कबूल करायला हवं."

आईने मान डोलावली.

"आणि माझी रक्तदाबाची गोळीही सुटली."

"बंद करा म्हणाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तसं नाही म्हणाले. 'अजून गोळीच लागते का?' एवढंच म्हणाले, हसून. बंद मीच केली. पुढे चक्कर येऊन फळ्याखाली पडलो."

"मग दोष कुणाचा?"

मास्तर थोडे हलले, स्प्रिंग कुरकुरली. "निम्मा त्यांचा. नाही, निम्म्याला कमी. पण मी पडल्यावर ते म्हणाले, 'श्रद्धा कच्ची होती.' तो मात्र पुरा त्यांचा."

काकांना गंमत वाटली. इतक्या वर्षांनी, इतकं होऊनही, मोठ्यांचा विषय निघाला की तिघांच्याही पाठी आपोआप ताठ होत होत्या आणि आवाज खाली येत होते. टीका करायची तीसुद्धा 'ते म्हणाले', 'त्यांनी केलं'. अरे-तुरे करायला जीभच वळत नव्हती.

मग डॉक्टरीणबाई बसल्या. मुलगा गेल्यावर त्यांना मोठ्यांनीच उभं केलं होतं, हे त्यांनी सांगितलं. मग एका भाबड्या बाईने प्रश्न विचारला म्हणून मोठ्यांनी भरसभेत तिची नक्कल केली, हे सांगितलं. "सगळे हसले. मीही हसले. ती परत आली नाही."

"तिला ते लागलं असेल," आई पहिल्यांदाच बोलली. "पण माणूस आहे, चुकतो. तुमच्या सगळ्या गोष्टी मी मान्य करते. तरी मी जाणार."

"अगं, पण का?" मुलगी म्हणाली.

"कारण त्यांना कळतं. न सांगता कळतं. मास्तर, तुम्हाला पहिल्याच दिवशी ते काय म्हणाले होते?"

मास्तर जरा घुटमळले. "'बायको बोलत नाही ना? बोलेल.' असं म्हणाले. मी घरातलं कुणाला सांगितलं नव्हतं."

"आणि बाई, तुम्हाला?"

"'हात थरथरतोय म्हणून घाबरू नकोस.' दातांच्या डॉक्टरचा हात थरथरतो हे मी नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं." डॉक्टरीणबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "ते मलाही आजवर उलगडलेलं नाही, खोटं कशाला बोलू?"

"तेवढं एक उलगडून दाखवा," आई म्हणाली. "मी जाणं रद्द करते."

मुलगी एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. मास्तरांनी चष्मा पुसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चेहरा वाचत असतील." पण चेहऱ्यावरून हात कसा वाचणार, हे त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

आता काकांचं काय, की भोक दिसलं की त्यात काहीतरी कोंबायचं, हा जन्माचा धंदा. सोफ्यात असो की गोष्टीत. ते पुढे झाले, डॉक्टरीणबाईंना खुर्चीवरून उठवून स्प्रिंगांवर ऐसपैस बसले. चेहऱ्यावर कळ दिसू दिली नाही.

"मोठ्यांची खुर्ची मी बांधली," ते म्हणाले, आणि हे खरं होतं. "तिच्या बुडातून एक नळी निघायची. फरशीखालून थेट सभागृहात. माणूस सतरंजीवर बसला, की त्याच्या मनातलं नळीतून वर, खुर्चीच्या स्प्रिंगांत. दुःखी माणसाची स्प्रिंग वेगळी, घाबरलेल्याची वेगळी. एकदा एक चोर येऊन बसला तर खुर्ची खोकली!"

"नळी कशाची?" मास्तरांना राहवलं नाही.

"तांब्याची. प्लास्टिक मोठ्यांना चालायचं नाही."

"आणि हात थरथरतो, हे कुठली स्प्रिंग सांगायची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हसू येत होतं, पण त्या पुढे सरकल्याही होत्या.

"डावीकडची. ती नुसती थरथरायची. मोठे लगेच ओळखायचे, की आज—"

"खोटं!" आई ताडकन उठली. पर्स खाली पडली. "साफ खोटं! लाज नाही वाटत? कसली नळी आणि कसल्या स्प्रिंगा! बाहेरच्या खिडकीवर फोन आणि पिशव्या ठेवून घ्यायला मी होते. तुम्हा लोकांना आठवणारही नाही. बाई, टोकन तुमच्या हातून दोनदा पडलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात, हल्ली हात थरथरतो. मास्तर, तुम्ही फोन देता देता बायकोला शेवटचा लावून पाहिलात, तिने उचलला नाही. सगळे देता देता काहीतरी बोलायचेच. आणि मोठे आत जाण्याआधी रोज माझ्याजवळ थांबायचे, इतक्या मायेने विचारायचे, आज कोण आलंय, कोणाचं कसं चाललंय. नळी म्हणे! त्यांना सगळं मी सांगायचे. मी..."