साउंड कार्डाच्या नावाने शंख

मी साउंड कार्ड बोलतोय. आजवर माझ्यातून सगळे बोलले, गायले, कोकलले; माझं कोणी ऐकलं नाही.

दिसायला मी काडेपेटीएवढा. कॉम्प्युटरमधलं गाणं घ्यायचं आणि बाहेर आवाज काढायचा, हा माझा धंदा. शहापूरच्या दुकानदार भगीरथशेठने मला मनोजच्या हातावर ठेवताना बजावलं होतं, "हेडफोन हा एकटा मस्त ओढेल. मोठ्या स्पीकरला मात्र मधी अ‍ॅम्प्लिफायर लाव. त्याच्याबिगर याच्यानं काय व्हायचं नाय."

मनोज मुरबाडकडचा, हळदीला डीजे वाजवणारा. त्याने मान डोलावली आणि घरी येताच मला थेट कपाटाएवढ्या स्पीकरला जोडलं. डासाएवढा आवाज निघाला. "फसवला रं मला!" मनोज ओरडला. पुढे अ‍ॅम्प्लिफायर आला, पण तेव्हापासून काहीही बिघडो, नाव माझंच.

त्याची बायको संजीवनी गळ्याची गोड. लग्नात बायका गातात तो धवळा तिने एकदा घरीच माइकवर म्हटला. गाताना हातातल्या बांगड्या किणकिणल्या, त्याही रेकॉर्ड झाल्या. हळदीला निघण्याआधी मनोज हेडफोन घालून मला तपासायचा, तो याच धवळ्यावर. बांगड्या वाजल्या की गालातल्या गालात हसायचा. माझ्यासमोर कसली लाज?

आमच्याकडे हळदीचा मोठेपणा आवाजावर ठरतो. शेजारच्या गावातली म्हातारी शिव्या घालायला लागली की यजमानाची मान ताठ! मनोज सबंध लग्नसराई स्पीकरच्या भिंतीला खेटून उभा.

मग एकदा धवळा लावला आणि तो हसलाच नाही. बटण वाढवलं. आणखी वाढवलं. "बांगड्या खाल्ल्या या कार्डानं!" वायर बदलली, हेडफोन बदलले. शेवटी मला उपटून फेकायला हात घातला.

संजीवनी भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातांनी तशीच आली. "थांबा वो, मला ऐकू द्या." हेडफोन घातले आणि विंचू चावल्यासारखे भिरकावले.

"आय गो! कान फाटलं माजं! बांगड्या हायेत की, चांगल्या खणखणतात. तुमाला नाय ऐकू येत?"

तिने त्याच्या कानाशी हात नेऊन हलवला. तो मनगटाकडे बघत राहिला.

"हलताना दिसतात गो," तो म्हणाला.

निर्दोष सुटलो, पण आनंद झाला नाही. मीच बिघडलो असतो तर भगीरथशेठकडे दुसरा मिळाला असता. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही, उरलंय ते सांभाळा.

परवा म्हसा गावात हळद होती. पोरं स्पीकरला चिकटून नाचत होती. मनोजने त्यांना मागे हटवलं.

"मनोजदादा, वाढव ना! मजा नाय येत!"

त्याने मला टपली मारली. "काय करू रं? कार्ड भिकार हाय. याच्यापुढं ओढतच नाय."

भिकार! मी! दुप्पट आवाज पोटात दाबून मी मुकाट बसलो होतो.

तेव्हा मंडळी, आमच्या हळदीला आलात आणि आवाज कमी वाटला, तर माझ्या नावाने खुशाल शंख करा. घरी गेल्यावर बायकोच्या बांगड्या ऐकू आल्या, तर आभार मानायला विसरलात तरी चालेल.